ऊस बंद की चालू, हे ओरडण्याआधी गावापुढे पर्याय ठेवायचे का?

औसेकर:
२०१६ला मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं तेव्हा जो तो म्हणत होता, ऊस बंद करा. नंतर पाऊस बरा झाला आणि आमच्या शिवारात ऊस पुन्हा उभा. माझ्यासुद्धा, खोटं कशाला बोलू. ‘बंदी घाला’ आणि ‘हात लावाल तर बघा’, याच्या मधलं आपण बोलतच नाही. माझं म्हणणं, ग्रामसभेत चार पर्याय लिहून ठेवा. ऊस फक्त ठिबकवर. पिण्याच्या विहिरीच्या आसपास ऊस नाही. नव्या बोअरला गावाची बंदी. किंवा आहे तसंच राहू द्या. प्रत्येकापुढं लिहा, यात कोणाचं किती जाईल. मग मनसोक्त भांडा, पण त्याच दिवशी हात वर करायला लावू नका. महिनाभर पारावर, शेतात, लग्नाच्या पंगतीत बोलणं होऊ द्या.

सातशेफुटी:
दादा, ग्रामसभा कधी पाहिली का शेवटची? गणपूर्तीला १५ टक्के मतदार किंवा १०० माणसं, जे कमी असेल ते. तेवढी येत नाहीत, मग सभा तहकूब. तहकूब सभेला गणपूर्ती लागतच नाही! रजिस्टर घरोघर फिरतं, सह्या होतात. तिथं तुम्ही पर्याय ठेवणार? आणि बोअरचं म्हणाल तर २००९च्या भूजल कायद्यात, सरकारनं अधिसूचित केलेल्या क्षेत्रात शेतीसाठी ६० मीटरच्या खाली जायला मनाईच आहे. म्हणजे २०० फूट. माझं नावच वाचा.

परभणीची लेक:
नाव वाचून हसू आलं, पण मुद्दा उलटा आहे. कायदा होता, गावात त्याच्यावर कोणी बोललंच नाही, म्हणून तो कागदावर राहिला. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असते. आमच्याकडं ती अंगणवाडीत दहा मिनिटांत उरकायची. एकदा बायकांनी धरून ठेवलं, ग्रामसेवकाला उठूच दिलं नाही. कोणता हातपंप माघात आटतो, कोणता चैतापर्यंत चालतो, हे एकेकीनं सांगितलं. पाणी भरणाऱ्याला विचारल्याशिवाय पाण्याचं धोरण कसलं?

पैठणकर:
भावना ठीक. पण जायकवाडीत वरच्या धरणांतून पाणी आलं ते गप्पा मारून नाही. २००५चा जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा, त्यातलं समन्यायी वाटपाचं कलम, २०१४चा त्या प्राधिकरणाचा आदेश आणि वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या. नगर-नाशिकवाल्यांशी पारावर बसून चर्चा करून बघा एकदा.

औसेकर:
बरोबर, वरच्या-खालच्या जिल्ह्यांचं भांडण ग्रामसभेत मिटत नाही. पण माझा बोअर शेजाऱ्याची विहीर आटवतो, त्याला कोर्टात कोण जाणार? आणि कोर्टात लढायलाही आधी आपल्याला नेमकं काय हवंय ते ठरलेलं लागतं.

सातशेफुटी:
उसाला एफआरपी आहे, म्हणजे कारखान्यानं द्यायचाच असा किमान दर, उशिरा का होईना मिळते. सोयाबीनचा हमीभाव बाजारात शोधून दाखवा. ते तुमच्या चार पर्यायांत कुठं बसतं? सगळा त्याग शेतकऱ्यानंच करायचा असेल तर मी रजिस्टरवर सही करून घरी झोपतो.

परभणीची लेक:
हे सभेत म्हणा ना! इथं कशाला?

सातशेफुटी:
म्हणतो. पण पाचवा पर्याय लिहा: ठिबकचा निम्मा खर्च कारखान्यानं उचलायचा, आणि त्या दिवशी कारखान्याचा शेतकी अधिकारी समोर बसलेला पाहिजे.

औसेकर:
लिहिला. त्याला बोलवायला मात्र तुम्हीच चला माझ्यासोबत, मला तो गेटवरूनच वाटेला लावतो.