खांदेरीचं दीपगृह: किल्ल्यावरचं ओझं की किल्ल्याचाच भाग?

तटबंदी
खांदेरीला गेलो की आमच्यात हा वाद हमखास होतो, म्हणून इथे मांडतो. अलिबागजवळच्या थळसमोरच्या या बेटावर शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये किल्ला बांधायला घेतला. मुंबईच्या इंग्रजांनी जहाजं आणून अडवायचा प्रयत्न केला, पण महाराजांचे आरमारी सरदार मायनाक भंडारी यांची माणसं हटली नाहीत, तटाचं काम चालूच राहिलं. पुढे बेट इंग्रजांच्या हाती गेलं आणि १८६७ मध्ये उंचवट्यावर दीपगृह उभं राहिलं. युनेस्कोने जुलै २०२५ मध्ये जागतिक वारशात घेतलेल्या १२ किल्ल्यांत खांदेरी आहे. माझं म्हणणं एवढंच, की दीपगृहही तितक्याच मायेनं जपावं, आणि दिवा तेवता ठेवून जपावं.

बुरूज
अजिबात पटलं नाही. यादीत नाव आलं ते मराठ्यांच्या दुर्गरचनेमुळे, दिव्यामुळे नव्हे. किल्ला होऊ नये म्हणून ज्यांनी तोफा डागल्या, त्यांचाच मनोरा आज होडीतून आधी नजरेत भरतो. इकडे तट दर पावसाळ्यात लाटांचा मार खातोय, सांध्यांत झाडांची मुळं शिरताहेत. पैसा आधी तिथे लागू दे.

तटबंदी
@बुरूज, तटाची काळजी मलाही आहे. पण दोन्हींचा पैसा एका थैलीतून येत नाही. इथलं दीपगृह मुंबई बंदर प्राधिकरणाकडे आहे, त्याचा खर्च किल्ल्याच्या दुरुस्तीच्या पैशातून होत नाही. दीपगृह पाडलं तरी तटाला एक दगड मिळणार नाही. २०२१ च्या कायद्यात जुन्या दीपगृहांना वारसा म्हणून घोषित करायची सोय आहे, ती इथे वापरावी. शिवाय १९९८ पासून बेटाला कान्होजी आंग्र्यांचं नाव आहे. ज्या आरमारप्रमुखाचा इंग्रज जहाजांना धाक होता, त्याच्या नावाच्या बेटावरून आज सगळ्या जहाजांना वाट दाखवली जाते. मला तरी यात अपमान दिसत नाही.

दर्यावर्दी
आमच्या घरात मासेमारी आहे. जीपीएस आल्यावर दिवा कशाला, असं लोक किनाऱ्यावर बसून बोलतात. मागे एकदा रात्री आमचं यंत्र बंद पडलं. खांदेरी आणि शेजारचं उंदेरी बेट यांच्या भोवती खडक आहेत, अंधारात कुठे आहोत ते कळेना. प्रत्येक दीपगृहाची लुकलुक ठरलेली असते. वडिलांनी मनात आकडे मोजले आणि म्हणाले, "हा खांदेरीचा." मग होडी वळवली. आणि बेटावर आम्हा कोळ्यांच्या वेताळाचं देऊळ आहे हे दोघेही विसरलात. कोळ्यांना विचारल्याशिवाय तिथलं काही ठरवू नका.

बुरूज
दर्यावर्दी, हे ऐकून दिवा विझवा असं मी म्हणणार नाही. पैशाचा मुद्दाही मान्य. पण २०२४ मध्ये देशातली ७५ दीपगृहं पर्यटनासाठी खुली झाली. तोच साचा इथे आणून तटाला खेटून उपाहारगृह आणि सेल्फीचे कठडे उभे राहणार असतील, तर माझा विरोध कायम आहे.

तटबंदी
त्या विरोधात माझी सही पहिली.

दर्यावर्दी
दुसरी माझी. पण येणाऱ्यांची ने-आण थळच्या होड्यांनीच व्हावी, हेही त्यात लिहा.