सातवीचा विज्ञानाचा तास, मुलं नुसतं "होऽऽ" म्हणतात. टाचण (पाठाची लेखी आखणी) कसं काढायचं?

बीएड_दुसरं_वर्ष:
नमस्कार, माझी इंटर्नशिप चालू आहे. काल हवेचा दाब घेतला. टाचण सात पानी, प्रस्तावना, हेतुकथन, विषय विवेचन, मूल्यमापन सगळं जिथल्या तिथे, मार्गदर्शक मॅडमची सहीपण झाली, आणि वर्गात गेल्यावर पाच मिनिटांत कळलं की बोलणारी मी एकटीच. पाण्याचा ग्लास पालथा केला तरी पुठ्ठा पडत नाही तो प्रयोग केला, टाळ्या पडल्या, मग कारण सांगायला लागले तर अर्धा वर्ग खिडकीबाहेर बघतोय. ३५ मिनिटांचा तास, ५२ मुलं, प्रयोगशाळेच्या कपाटाला कुलूप. पुढच्या आठवड्यात ज्वलन घ्यायचंय. मला खरंच चांगलं शिकवायचंय हो, नुसते पाठ पूर्ण करायचे नाहीत. काय करू?

खेड्यातला_मास्तर:
ताई, प्रयोग चांगलाच निवडलात, पण काय होणार ते मुलांना आधी विचारलं नाहीत. अंदाज बांधला की मूल त्यात अडकतं, मग उत्तर कळेपर्यंत त्याला चैन पडत नाही.

ज्वलनाला हे करा. ताटलीत पाणी, मधे पेटती मेणबत्ती, वरून काचेचा ग्लास पालथा. मेणबत्ती विझते, पाणी ग्लासात चढतं. मुलं म्हणतील ऑक्सिजन संपला, त्याची जागा पाण्याने घेतली. हे कितीतरी शिक्षकपण सांगतात, मीसुद्धा पाच-सहा वर्षं हेच शिकवलंय. आता विचारा, त्याच ग्लासाखाली तीन मेणबत्त्या लावल्या तर पाणी तेवढंच चढेल, जास्त, का कमी? हात वर करायला लावून आकडे फळ्यावर लिहा आणि मगच काडी ओढा.

पाणी जास्त चढतं! ग्लास तोच म्हणजे आतला ऑक्सिजनही तेवढाच, मग असं का? खरं म्हणजे ज्योतीने हवा तापून पसरते, थोडी बुडबुडे होऊन बाहेर जाते, ज्योत विझली की आतली हवा गार होऊन आकसते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. तुमचा कालचाच पाठ इथे परत येतो बघा. आणि ऑक्सिजन सगळा संपतही नाही, हवेत साधारण २१ टक्के असतो, तो १६ च्या आसपास आला की मेणबत्ती विझते.

टाचणवाली_ताई:
सरांशी सहमत. पण पाठ निरीक्षणाला फॉरमॅट लागतोच, त्यामुळे तीन मेणबत्त्यांचा प्रश्न सरळ प्रस्तावनेत टाक. आणि एक कर, "अपेक्षित उत्तर" या रकान्यात आपण फक्त बरोबर उत्तर लिहितो ना, तिथे मुलं देतील अशी दोन-तीन चुकीची उत्तरंपण लिही आणि प्रत्येकाला तू पुढे काय विचारशील तेही लिही. माझा निम्मा वेळ यातच जातो पण वर्गात गडबडायला होत नाही.

पंखा बंद ठेव, ओढणी नीट खोचून घे, आग फक्त तुझ्याच टेबलावर.

टाकाऊतून_विज्ञान:
कपाटाच्या किल्लीची वाट बघू नका. बिनसुईची सिरिंज, स्ट्रॉ, फुगे एवढ्यात हवेचा दाब होतो. स्ट्रॉला वरच्या बाजूला टाचणीने दोन-तीन भोकं पाडा आणि पाणी ओढायला सांगा, ५२ मुलं एकदम कामाला लागतात. अरविंद गुप्तांच्या वेबसाइटवर अशी ढीगभर खेळणी फुकट आहेत, मराठीतपण. मध्य प्रदेशात १९७२ ला होशंगाबादचा विज्ञान कार्यक्रम १६ शाळांत सुरू झाला तोही गावात मिळणाऱ्या साध्या सामानावरच.

बीएड_दुसरं_वर्ष:
आज पाठ झाला! ३४ जण "तेवढंच" म्हणाले, तीन मेणबत्त्यांचं पाणी वर गेलं तेव्हा केवढा आरडाओरडा, शेजारच्या वर्गातले सर बघायला आले. बुडबुडे मी दाखवायच्या आधीच मागच्या बाकावरच्या मुलाने बघितले, जो महिनाभर एक शब्द बोलला नव्हता. मूल्यमापन राहून गेलं, मॅडमनी तसा शेरा दिलाय. तोच मुलगा जाताना म्हणाला, मॅडम, मेणबत्ती न लावता ग्लासच गरम करून पालथा ठेवला तर? उद्या करूया म्हटलंय. काच तडकेल का हो?

खेड्यातला_मास्तर:
जाड काच नको, एकदम उकळतं पाणीही नको. आधी कोमट, मग गरम पाणी ग्लासात फिरवून ओतून टाका आणि लगेच ताटलीत पालथा घाला. पाणी थोडंच चढेल, म्हणून त्यात कुंकू नाहीतर शाई टाका म्हणजे मागच्या बाकापर्यंत दिसेल. आणि ग्लास त्यालाच धरू द्या.