धक्का नाही, ओरखडा नाही, तरी डिसक्वालिफाय! ही खोलीतली कोर्टं बंद करा

पोर्टटॅकवाला:
गेल्या रविवारी मुंबई हार्बरमधे क्लबची शिडाच्या बोटींची रेस होती (कुठला क्लब ते सांगत नाही, परत तिथेच बोट लावायचीय). ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी, वारा बोटीच्या डाव्या अंगाने येत असेल तर तुम्ही पोर्ट टॅकवर, उजव्या अंगाने येत असेल तर स्टारबोर्डवर, आणि पोर्टवाल्याने स्टारबोर्डवाल्याला वाट द्यायची. मी पोर्टवर होतो, मान्य. पण मी त्याच्या पुढून आरामात निघत होतो, दीड मीटर तरी जागा होती, आणि हा गृहस्थ ऐनवेळी बोट वळवून माझ्या मागून गेला आणि बोंबलला "प्रोटेस्ट", म्हणजे तक्रार!! संध्याकाळी दोन तास व्हरांड्यात बसवून ठेवलं, मग आत टेबलावर खेळण्यातल्या बोटी मांडून तीन जणांच्या कमिटीने विचारलं कोण कुठे होतं, वारा किती होता वगैरे, आणि निकाल काय तर मी बाद. दुसरा आलो होतो, शेवटच्याच्याही खाली गेलो. त्या तिघांपैकी एकाने तरी ती घटना बघितली होती का? नाही! माझं म्हणणं एवढंच की पाण्यावर अंपायर ठेवा, तिथल्या तिथे शिट्टी आणि झेंडा, ऑलिंपिकच्या मेडल रेसला (शेवटच्या, पदकं ठरवणाऱ्या) ठेवतातच की. किंवा प्रत्येक बोटीला जीपीएस ट्रॅकर लावा. पण ही रात्रीची नाटकं बंद करा.

चिकट_ऑफस्पिनर:
मला शिडाच्या बोटीतलं शून्य कळतं पण धक्का लागलाच नाही तर फाऊल कसला? आणि तक्रार करणारा पण खेळाडू, साक्षीदार पण खेळाडू, मग हे गल्लीतलं क्रिकेटच झालं ना, ज्याची बॅट त्याचा निर्णय 😀

बगळा_बोयावरचा:
ऑफस्पिनर साहेब, फाऊल धक्क्याचा नसतोच, वाट न देण्याचा असतो. स्टारबोर्डवाल्याला दिशा बदलायची गरज न पडता जाता आलं पाहिजे, हीच "वाट देणे"ची व्याख्या आहे. रस्त्यावर तुम्ही ब्रेक मारला म्हणून अपघात टळला तर समोरचा निर्दोष होतो का?

आता पोर्टटॅकवाला, तुझी केस. मी पंधरा वर्षं अशा खोल्यांमधे टेबलाच्या पलीकडे बसलोय (तुझ्या खोलीत नव्हतो, घाबरू नकोस). वर्ल्ड सेलिंगच्या (या खेळाची जागतिक संघटना) केस बुकात पन्नास नंबरची केस आहे, तंतोतंत तुझीच. स्टारबोर्डवाला वळला, आणि पोर्टवाला खरंच पुढून निघाला असता का याबद्दल वाजवी शंका असेल, तर पोर्टवाला बाद. याउलट तो वळलाच नसता आणि धडकेची खरीखुरी भीतीही नसती, तर प्रोटेस्ट फेटाळला असता. म्हणजे कमिटीला तुझा दीड मीटर मोजायचा नव्हताच, शंका उरते का एवढंच बघायचं होतं. पोर्टवर असताना "मी निघत होतो" हे पटवायचं ओझं तुझ्याच डोक्यावर, आणि ते मुद्दाम तसं ठेवलंय, नाहीतर प्रत्येक जण शेवटच्या फुटापर्यंत नशीब आजमावेल.

ट्रॅकरचं म्हणशील तर साधा जीपीएस काही मीटरने चुकतो आणि तू भांडतोयस दीड मीटरवर. अंपायरचं म्हणशील तर अमेरिका कपला १९९२ पासून पाण्यावर अंपायर आहेत, पण तिथे दोनच बोटी असतात रे. पंचवीस बोटी एका बोयावर (वळायच्या तरंगत्या खुणेवर) एकदम आल्या की किती अंपायर लागतील, आणि त्यांच्या स्पीडबोटींचं पेट्रोल कोण भरणार, तू?

वेसाव्याची_लेक:
मी पोर्टटॅकवाल्याच्या बाजूने, पण कारण वेगळं आहे. खोलीत जो चांगलं बोलतो तो जिंकतो, आणि चांगलं म्हणजे इंग्रजीत. माझा भाऊ लहानपणापासून होडीत वाढला, वारा कुठून फिरणार ते त्याला गालाला कळतं, पण फॉर्म इंग्रजीत, नियम इंग्रजीत, प्रश्न इंग्रजीत. "ओव्हरलॅप कधी झाला? झोनच्या आत की बाहेर?" आता झोन म्हणजे बोयाभोवती तीन बोटींच्या लांबीचं वर्तुळ, ते त्याला डोळ्याने बरोबर कळतं हो, पण सांगता येईना म्हणून गप्प बसला आणि समोरचा कॉलेजातला पोरगा फडाफडा बोलून मोकळा. बगळा काका, तुमची ती वाजवी शंका कुणाच्या बोलण्याने तयार होते ते पण बघा.

बगळा_बोयावरचा:
ताई, हे मात्र खरं आहे आणि याला माझ्याकडे उत्तर नाही. मी स्वतः हिंदी-मराठीत प्रश्न विचारतो, सगळे विचारत नाहीत.

खुर्चीतला_खलाशी:
खोलीला एवढ्या शिव्या नका घालू राव. १९८८ ला पुसानला ऑलिंपिकमधे कॅनडाचा लॉरेन्स लेम्यू रेसमधे दुसरा चालला होता, सिंगापूरचे दोघं पाण्यात पडलेले दिसले, रेस सोडून त्यांना वाचवलं आणि मागे पडला, तर ज्युरीने त्याला त्या रेसमधे दुसरा नंबर परत दिला. कुठला पाण्यावरचा अंपायर हे करेल? आणि २०२१ ची वांदे ग्लोब आठवा, एकट्याने न थांबता जगप्रदक्षिणा. २७ जानेवारीला शार्ली दालँ सगळ्यात आधी रेषेवर पोचला, यानिक बेस्तावें तर तिसरा पोचला, आणि जिंकला कोण तर बेस्तावें! कारण केव्हाँ एस्कोफिए या बोट बुडालेल्या स्पर्धकाला शोधण्यात गेलेल्या वेळाचे ज्युरीने १० तास १५ मिनिटं त्याला दिले होते. दालँपेक्षा अडीच तासांनी पुढे.

पोर्टटॅकवाला:
खलाशी, ते रिड्रेस झालं, म्हणजे नुकसानभरपाई. तिथे काय घडलं यावर कुणाचं भांडणच नव्हतं, फक्त किती द्यायचं ते ठरवायचं होतं. माझा प्रश्न दोघं उलटसुलट सांगतात तेव्हाचा आहे. आणि खोलीतल्या न्यायाचं कौतुक करताय तर १९३४ चा अमेरिका कप पण सांगा ना. इंग्रज सॉपविथच्या एंडेव्हर बोटीने अमेरिकन वँडरबिल्टच्या रेनबोवर प्रोटेस्ट केला, कमिटीने ऐकूनच घेतला नाही, का तर झेंडा वेळेवर लावला नाही! २-० ने पुढे असलेला इंग्रज ४-२ ने हरला.

बगळा_बोयावरचा:
गंमत म्हणजे त्याच वँडरबिल्टने नंतर नियम नव्याने लिहिले आणि आज आपण ज्यावर भांडतोय त्याचा पाया तोच. पण झेंड्याचा नियम खुळा नाही. लगेच "प्रोटेस्ट" ओरडायचं (६ मीटर किंवा त्याहून लांब बोट असेल तर लाल झेंडा पण) कारण समोरच्याला कळलं पाहिजे, म्हणजे चूक वाटत असेल तर तो तिथेच बोटीच्या दोन गिरक्या मारून, म्हणजे शिक्षा भोगून, मोकळा होईल. लक्षात घे, दोन गिरक्या मारल्या असत्यास तर तुला कुणी खोलीत नेलंच नसतं. कमी वाऱ्यात अर्धा मिनिट गेला असता फार तर. चौथा आला असतास.

पोर्टटॅकवाला:
चूक नव्हतीच तर गिरक्या का मारू??

चिकट_ऑफस्पिनर:
म्हणजे यात बॅट्समनने स्वतःहून चालू पडायचं असतं. आमच्याकडे हे कधीच बंद झालं 😀 बरं अपील नाही का करता येत?

बगळा_बोयावरचा:
येतं, पण नियमाचा अर्थ चुकीचा लावला म्हणून. "कमिटीने घटना चुकीची समजली" म्हणून नाही, खोलीत जे घडलं असं ठरलं ते ठरलं. आणि इंटरनॅशनल ज्युरी असेल तर अपीलच नाही. २००८ च्या ऑलिंपिकला डेन्मार्कच्या फोर्टीनाइनरवाल्यांची (दोघांची वेगवान बोट) डोलकाठी मेडल रेसच्या आधी तुटली, क्रोएशियाची बोट मागून आणली आणि सुवर्ण नेलं, त्यावर इटली-स्पेन क्रीडा लवादापर्यंत गेले, काही मिळालं नाही.

क्रू_बिचारा:
मी या धाग्यावर लिहिणार नव्हतो पण आता राहवत नाही. पोर्टटॅकवाल्याच्या बोटीत मी होतो, जिबवर, म्हणजे पुढच्या शिडावर. बगळा साहेब, साक्षीदार कोण बोलवतं हो?

बगळा_बोयावरचा:
ज्याची केस तो. क्रूला बोलावता येतं, बाहेर बसवतात, वेळ आली की आत घेतात.

क्रू_बिचारा:
तेच तर. मी दोन तास व्हरांड्यात डास मारत बसलो होतो, मला आत बोलावलंच नाही. कारण याने पाण्यावरच मला विचारलं होतं "किती होतं रे?" आणि मी म्हणालो होतो, हात लांब केला असता तर त्याच्या बोटीला लागला असता.

वेसाव्याची_लेक:
😂😂

पोर्टटॅकवाला:
तुझे हात लांब आहेत.