मदत हवी आहे: माझा जॅक रसेल टेरियर जातीचा कुत्रा लिफ्टच्या दारातच मोठ्या कुत्र्यांवर धावून जातो

नर, दीड वर्षाचा, वजन 6 किलो, उंची 29 सेंमी. समोर लॅब्रॅडॉर असो की ग्रेट डेन, हा छाती काढून पुढे. जात मुळात इंग्लंडमधल्या डेव्हनची, कोल्ह्याला बिळातून हुसकावण्यासाठी तयार केलेली. त्यामुळे आकार बघून माघार घेणं रक्तातच नाही, हे मान्य.

मोकळ्या रस्त्यावर जमतंय. साधारण 15 मीटरवर कुत्रा दिसला की उकडलेल्या चिकनचा वाटाण्याएवढा तुकडा, नजर परत आपल्याकडे वळली की दुसरा. 8 मीटरच्या आत मात्र कान पुढे, शेपूट ताठ, तोंड घट्ट मिटलेलं. चिकनकडे ढुंकूनही बघत नाही. त्या अवस्थेत शिकवणं फुकट.

खरी अडचण लिफ्टची. दार उघडतं तेव्हा समोरचा कुत्रा एका मीटरवर, अंतर वाढवायला जागाच नाही. पट्टा ताणला की आणखी चवताळतो, उचललं तर वरून भुंकतो आणि त्या भरात हाताला दात लागायची भीती. मजला सहावा, त्यामुळे रोज जिना अवघड.

टेरियर पाळणाऱ्यांना विचारायचंय:

दार उघडण्याआधीच जमिनीवर खाऊ टाकून हुंगायला लावलं, तर दार उघडल्यावरही नाक खालीच राहतं का? की 'मागे फीर' आधी घरात पक्कं करावं?

निमुळत्या तोंडाला बसणारं, धापा टाकता येतील असं जाळीचं मझल (मुसकं) कोणत्या मापाचं घ्यावं?

चोक चेन (ओढली की गळा आवळणारी साखळी) आणि शॉक कॉलर (विजेचा झटका देणारा पट्टा) कृपया सुचवू नका. दुखलं की त्याचा राग समोरच्या कुत्र्यावरच निघतो.