स्पार्क येत नाही म्हणून आधी कॉइल बदलायची? जुन्या पेट्रोल पिकअपवरून एक वाद

रामबागकर:
मंडळी, सरळ मत मांडतोय, पटलं नाही तर खुशाल विरोध करा. ओळखीतल्या एका काकांकडे महिंद्राची जुनी पेट्रोल पिकअप आहे, विलीजवाल्या हरिकेन इंजिनाची, चार सिलिंडर, पॉइंटवाली, म्हणजे उघडझाप करून कॉइलचा करंट तोडणारे पॉइंट असलेली. खंडवा रोडकडच्या शेतातून इंदूरच्या चोइथराम मंडीत भाजी आणायला अजून चालते. मागच्या पावसाळ्यात बंद पडली. सेल्फ दणदणीत फिरतोय, पेट्रोल येतंय, पण प्लगला स्पार्कच नाही. गॅरेजवाल्याने आधी कॉइल (बॅटरीचं व्होल्टेज स्पार्कपुरतं वाढवणारी) बदलली, मग प्लग, मग वायरी, मग कंडेन्सर (पॉइंटला जोडलेला, त्यांना जळण्यापासून वाचवणारा), दरवेळी बिल वेगळं आणि गाडी जागच्या जागी. शेवटी काय निघालं, तर डिस्ट्रीब्यूटरच्या (एकेका प्लगला स्पार्क वाटून देणाऱ्या भागाच्या) आत पॉइंटच्या प्लेटला अर्थ देणारी बोटभर विणलेली तार असते ना, ती कव्हरच्या आत तुटलेली होती. वरून बघितली तर अखंड. चिमट्याने ओढली तर रबरासारखी लांबली, म्हणजे आत तांबं उरलंच नव्हतं.

माझं म्हणणं इतकंच की स्पार्क नाही म्हटल्यावर पार्ट आणायला पळणं बंद करा. पार्किंगचा १२ व्होल्टचा बल्ब, त्याला दोन वायरी, बास. एक टोक कॉइलच्या डिस्ट्रीब्यूटरकडे जाणाऱ्या टर्मिनलवर, दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडाला, चाबी ऑन करून सेल्फ मारा. बल्ब लुकलुकला तर पॉइंट उघडझाप करतायत, कॉइलपर्यंत करंट येतोय, आता बघायचं ते पुढे, म्हणजे कॉइलपासून डिस्ट्रीब्यूटरला जाणारी मेन वायर, आत फिरणारा रोटर, वरचं झाकण म्हणजे कॅप. बल्ब सतत जळत राहिला तर पॉइंटला अर्थच मिळत नाहीये. काकांच्या गाडीत नेमकं हेच होतं आणि पहिल्याच दिवशी कळलं असतं. अजिबातच जळला नाही तर एकतर कॉइलला करंट येत नाहीये, नाहीतर कॉइल आतून तुटलीय, नाहीतर डिस्ट्रीब्यूटरमध्ये काहीतरी कायमचं अर्थ होतंय. या एका बल्बने अर्धा शोध संपतो. हे न करता कॉइल विकणं म्हणजे मी तरी गिऱ्हाइकाची लूटच म्हणेन.

पाना_हातात:
लूट हा शब्द मागे घ्या दादा. गॅरेज चालवतो म्हणून बोलतोय. मंडीची गाडी सकाळी माझ्या दारात येते, मालक म्हणतो दोन तासात पाहिजे, भाजी सुकतेय. तिचे पॉइंट जळून खड्डे पडलेले, कंडेन्सर कधीचा कोणाला माहीत नाही, प्लग काळे. हे सगळं तसंही बदलायच्याच लायकीचं असतं, मग एकदम बदललं तर चूक काय? पॉइंट-कंडेन्सरची किंमत माझ्या पोराच्या अर्ध्या दिवसाच्या मजुरीपेक्षा कमी आहे. दिवा लावून तासभर शोधायचं आणि शेवटी तेच बदलायचं, त्या तासाचे पैसे कोण देणार? तुम्ही घरच्या अंगणात रविवारी करता, आम्हाला रोज करायचंय. आणि त्या काकांच्या गाडीत जे निघालं ते लाखात एक, रोज येणाऱ्या दहा गाड्यांत पॉइंट आणि कंडेन्सरच निघतो.

रामबागकर:
मजुरीचं मान्य, ती घ्यायलाच पाहिजे आणि शोधायची वेगळी घ्या, कोण नाही म्हणतंय. पण बल्ब लावायला तासभर लागत नाही, बॉनेट उघडून पाच मिनिटं. आणि जुने पॉइंट बदलायला माझी ना नाही, आधी दोष शोधा मग बदला, एवढंच. उलट केलं की कशाने गाडी सुरू झाली तेच कळत नाही, आणि पुढच्या महिन्यात तीच गाडी तसाच रडगाणं घेऊन परत येते.

महूवाला:
माझे वडील फौजेत ईएमईला, म्हणजे गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या शाखेत होते, जीपवरच हात बसलेला. त्यांचा नियम, नवा पार्ट लावायच्या आधी जुना पार्ट मेलाय हे दाखव. पाना_हातात भाऊ, नव्या पॉइंटमुळे उभ्या राहिलेल्या गाड्या मी बघितल्यात. पॉइंटच्या हलणाऱ्या पत्तीच्या बोल्टवर जो प्लास्टिकचा वॉशर असतो तो उलटा बसला, किंवा वायरची लग (टोकाची पत्री) त्याच्या चुकीच्या बाजूला गेली, की पत्ती कायमची अर्थ. स्पार्क शून्य. पोरगं म्हणतं उस्ताद नवीन टाकलाय, म्हणून तिकडे कोणी बघत नाही आणि मग कॉइलवर संशय घेतात. नव्या पॉइंटवर गंज लागू नये म्हणून तेलाचा थर पण असतो, तो कोऱ्या कागदाने पुसला नाही तरी तोच प्रकार. गॅप ०.०२० इंच, म्हणजे अर्धा मिलिमीटर, फिलर गेजनेच (फट मोजायच्या पातळ पट्टीने). डोळ्याने लावणारे बघितले की मला राग येतो.

सर्किटवाला:
तुम्ही सगळे २०व्या शतकात भांडताय. पॉइंट काढा, मॅग्नेट पिकअपचं इलेक्ट्रॉनिक किट टाका, विषय संपला. घासणारा भागच नाही म्हणजे गॅप बदलणार नाही, कंडेन्सर नाही, दर काही महिन्यांनी घासपेपर नाही. पॉइंटची फायबरची टाच झिजते, गॅप कमी होतो, टायमिंग म्हणजे स्पार्कची वेळ सरकते, हे रडगाणं कशाला? माझ्या जीपमध्ये आहे, थंडीत पहिल्या सेल्फला सुरू.

सुदामानगरवाली:
दादा, भेरूघाटात रात्री ते किट मेलं तर काय कराल? माझ्या सासऱ्यांची गाडी अशीच घाटात उभी राहिली होती, किट काळं पडलेलं, रिपेर करायला त्यात काही नाहीच, टोचन करून आणावी लागली. पॉइंट असते तर नखाने साफ करून पण घरी पोचलो असतो. शिवाय बॅटरी कमजोर असली की सेल्फ मारताना व्होल्टेज इतकं पडतं की काही किट कामच करत नाहीत, आणि आपण समजतो स्पार्क गेला. तेव्हा सेल्फ मारताना बॅटरीवर मीटर लावून बघा, साडेनऊ व्होल्टच्या खाली गेलं तर आधी बॅटरी आणि इंजिनची अर्थ पट्टी बघा. ही अर्थ पट्टी इकडे कोणी बघतच नाही, मातीने नुसती लडबडलेली असते.

सर्किटवाला:
ताई, म्हणून मी जुनी पॉइंटची प्लेट कंडेन्सरसकट डिक्कीत ठेवतो, चार स्क्रू आणि परत पॉइंटवर. घाटाची भीती मान्य आहे पण त्यासाठी रोज पॉइंट घासत बसायचं पटत नाही. हां, एक मात्र सांगतो, किट लावणाऱ्यांनी कॉइलचा रेझिस्टन्स मोजल्याशिवाय लावू नये. बॅलास्टवाली (कॉइलच्या आधी करंट कमी करणारा रेझिस्टर असलेली) कॉइल साधारण दीड ओहमची, बिनबॅलास्टवाली तीनच्या आसपास. चुकीची जोडी लावली की किट किंवा कॉइल दोघांपैकी एक तापून जाणार. चाबी ऑन ठेवून गाणी ऐकत बसणाऱ्यांची किटं पण अशीच जातात.

पाना_हातात:
बघा, आता बॅलास्टचं निघालं म्हणून. सेल्फ मारताना गाडी फट् करून पकडते आणि चाबी सोडली की लगेच बंद, ही बॅलास्टची खूण, कारण सेल्फ मारताना करंट त्याला टाळून थेट जातो. हे मला दिव्याशिवाय कळतं, नुसतं ऐकून कळतं. अनुभव पण काही चीज आहे.

आणि रामबागकर, तुमच्या बल्बला माझा खरा आक्षेप हा की तो खोटा दिलासा देतो. थंड कॉइल मीटरवर बरोबर दाखवते, बल्ब मस्त लुकलुकतो, आणि वीस किलोमीटरनंतर तापली की आतल्या बारीक तारेचं इन्शुलेशन सुटतं आणि स्पार्क गायब. थांबून गार झाली की परत चालू. अशा गाडीत मीटर धरून काय करणार? दुसरी कॉइल लावूनच बघावी लागते.

रामबागकर:
हा मुद्दा बिनतोड आहे आणि मी तो नाकारत नाही. तापल्यावर मरणारी कॉइल थंड अवस्थेत पकडता येत नाही. पण तिथेही नवीन विकत आणू नका, चालत्या गाडीची माहितीतली चांगली कॉइल काढून लावा, आणि ती सुद्धा गाडी बंद पडली त्याच क्षणी, तापलेली असतानाच. नवीन पार्ट म्हणजे चांगला पार्ट असं आता राहिलेलं नाही, कंडेन्सर तर खोक्यातून काढतानाच खराब निघतात. जुना ओरिजिनल कंडेन्सर चालत असेल तर मी तो फेकून देणार नाही. कंडेन्सर शॉर्ट झाला असेल तर त्याची वायर सोडवली की बल्ब लुकलुकायला लागतो, झाली खात्री, मग आणा दुकानातून.

महूवाला:
एक तपासणी कोणी लिहिलीच नाही. कॅप उघडून सेल्फ मारा आणि रोटर फिरतोय का ते डोळ्यांनी बघा. फिरत नसेल तर इलेक्ट्रिकचा विषयच नाही, ड्राइव्ह तुटलाय. आणि स्पार्क बघायला वायर हातात धरू नका हो, जुना प्लग लावून तो इंजिनला टेकवा, आणि पेट्रोलचा वास येत असेल तर ते पण नको, आधी गळती बंद करा. ठिणगी निळी आणि कडक पाहिजे, पिवळी म्हणजे कमजोर.

स्नेहलतागंज:
मी सगळं वाचतोय कारण माझी गाडी आत्ता अशीच उभी आहे. बल्ब लावला, छान लुकलुकतोय. कॉइलच्या मेन वायरला लोखंडाजवळ धरलं तर निळा स्पार्क उडतोय. पण प्लगला काहीच नाही, चारही प्लगला. कॅप वरून स्वच्छ दिसते. गॅरेजवाला म्हणतोय कॉइल टाकू.

पाना_हातात:
कॉइल नको, कॉइल ठणठणीत आहे भाऊ, स्वतःच बघितलं ना तुम्ही. चारही एकदम गेले म्हणजे रोटर नाहीतर कॅपच्या मधला कार्बन. तो कार्बन स्प्रिंगवर असतो, बोटाने दाबून बघा आत-बाहेर होतो का, झिजून तुटला असेल तर तिथेच गडबड. तो ठीक असेल तर कॅप बाजूला ठेवून रोटर जागेवर असू द्या, मेन वायरचं टोक रोटरच्या वरच्या पत्तीपासून थोडं वर धरा, पण लाकडाच्या किंवा प्लास्टिकच्या चिमट्याने, हाताने नाही, आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. रोटरवर ठिणगी उडली तर रोटर आतून शाफ्टला फुटलाय, करंट तिथूनच अर्थ होतोय, म्हणून प्लगपर्यंत पोचत नाही. नाही उडली तर रोटर चांगला, मग कॅप उन्हात धरून आतून केसासारखी काळी रेघ दिसते का बघा. आधी हे करून सांगा, पार्ट नंतर.