‘नस जुळते’चे मेसेज आता पुरे

वहिनी: सर्वांना विनंती. ‘तुटलेल्या नसा जुळवणारं औषध’ हा व्हिडिओ आज परत तिघांनी टाकलाय. यांच्या मज्जारज्जूला, म्हणजे पाठीच्या कण्यातल्या नसांच्या दोराला, इजा झालीय. हे स्वतः ग्रुप वाचतात, मग रात्रभर मला विचारत बसतात. कृपया नको.

भाऊकाका: चांगल्या मनानेच टाकला. माझ्या मनगटाची नस तुटली होती, जुळली. सगळ्यांना माहीत आहे.

मामा: आलं भाऊंचं मनगट 😄

आत्या: मामा, ही वेळ आहे का?

ताई: काका, तुमची नस हातातली. तिथे तंतूंभोवतीच्या श्वॉन पेशी तुटलेल्या भागाचा कचरा पटकन साफ करतात, नव्या तंतूला वाट करून देतात. तो दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वाढतो. मज्जारज्जूत ही सोय नाही. मायलिनचा, म्हणजे तंतूंवरच्या वेष्टणाचा, कचरा महिनोन्महिने पडून राहतो, त्यातलं नोगोसारखं प्रथिन वाढणाऱ्या टोकाला अडवतं. वर जखमेचा व्रण.

धाकटा: मग व्रण काढून टाकायचा ना?

ताई: तोच व्रण सूज पसरू देत नाही. 2016 साली उंदरांमध्ये तो तयारच होऊ दिला नाही, तरी तंतू वाढले नाहीत.

भाऊकाका: नस ती नस. माझी जुळली.

आत्या: भाऊ, किती वेळा तेच? आणि त्याला भेटायला किती वेळा गेलास?

भाऊकाका: माझे गुडघे तुला ठाऊक आहेत. हिशेबच काढायचा तर काढू.

वहिनी: मी कुणाकडे हिशेब मागितलेला नाही.

ताई: 1981 साली कॅनडात डेव्हिड आणि अग्वायो या शास्त्रज्ञांनी उंदरांच्या मज्जारज्जूला पायातल्या नसेचा तुकडा जोडला. मज्जारज्जूतलेच तंतू त्यात सुमारे 3 सेंटिमीटर वाढले. परत मज्जारज्जूत शिरले आणि थोडंसं जाऊन थांबले.

भाऊकाका: म्हणजे वाढतात!

ताई: वाढतात, पण आजूबाजूचं वातावरण वाढू देत नाही. शिवाय मोठेपणी पेशीचा स्वतःचा वाढीचा जोरही ओसरतो. आणि वाढून योग्य ठिकाणी जोडलं जायला हवं, ते वेगळंच. माणसात हे सगळं करून दाखवणारं औषध आज नाही.

धाकटा: मग रोजची फिजिओथेरपी कशासाठी?

ताई: त्याची इजा अर्धवट आहे, अंगठ्याला स्पर्श कळतो. शाबूत तंतू नव्या फांद्या काढतात, सरावाने त्या कामाला लागतात. म्हणून एक दिवसही चुकवायचा नाही.

वहिनी: गुरुवारी उठवून बसवायला दोघं लागतील. कोण येतंय?

धाकटा: मी.

भाऊकाका: मीही. गुडघ्यांचं बघून घेईन. पण मनगटाचं मी त्याला सांगणारच.