प्रोपेलर थेट क्रँकवर नको

दादा, २२० सीसी बाईकच्या इंजिनाच्या क्रँकवरच (मुख्य फिरत्या दांड्यावरच) १.२ मीटरचा प्रोपेलर बसवून फवारणीचं ड्रोन उडवायचं म्हणताय, तर आधी एक हिशोब करा. असं इंजिन पूर्ण ताकद ८५०० आरपीएमला देतं. तेवढ्या वेगात पात्याचं टोक सेकंदाला ५३० मीटरच्या पुढे जातं, आणि ध्वनीचा वेग आहे ३४० च्या आसपास. म्हणजे ताकद नुसती आवाजात आणि धक्क्यांत वाया जाणार. दातेरी पट्ट्यानं ३:१ रिडक्शन दिलं, म्हणजे क्रँकच्या तीन फेऱ्यांना प्रोपेलरची एक, की तेच टोक १८० च्या आत येतं. विमानांसाठीच बनवलेल्या रोटॅक्स ९१२ इंजिनालाही गिअरबॉक्स असतो, तो याचसाठी.

दुसरं, प्रोपेलर शाफ्टला सतत त्याच्या लांबीच्या दिशेनं ओढतो. बाईकच्या क्रँकचे बेअरिंग त्या ओढीसाठी नसतात. थ्रस्ट बेअरिंग वेगळं, त्या दातेरी पट्ट्याच्या वरच्या, प्रोपेलरकडच्या पुलीच्या शाफ्टवर घ्या.

आणि उष्णता! रस्त्यावर आपण फुल थ्रॉटल किती वेळ देतो? वाळूजला शेडमध्ये मे महिन्यात एक जुनं १५० सीसीचं एअर-कूल्ड इंजिन मी स्टँडवर सलग चालवलं. बाराव्या मिनिटाला आवाज बदलला. प्लग काढला तर चिनीमाती पांढरीफटक, टोकावर अॅल्युमिनियमचे बारीक मणी. पिस्टन वितळायला लागला होता. आपल्याकडच्या ४२ अंशांत सिलिंडरभोवती पत्र्याचं आवरण करून हवा सिलिंडरच्या फिन्समधूनच जायला लावा, कार्ब्युरेटरचा पेट्रोल सोडणारा जेट एक नंबर मोठा घ्या.

माणूस बसणार असेल तर एकाच प्लगवर, एकाच इग्निशनवर अजिबात उडू नका. कळकळीनं सांगतोय.